पपनसावरचं तेल

पपनसाला फुलं आली की हल्ली माझी चिडचिड सुरू होते.

यंदाही आली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि वास आत शिरला. लिंबाच्या फुलासारखाच, पण जास्त दाट, घशात किंचित कडवट उतरणारा. आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. समोरच्या प्लॉटवर रीडेव्हलपमेंट चाललंय, दिवसभर ड्रिलिंग, आणि पुसलेल्या टेबलावर तासाभरात बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. त्यातून वाट काढत तो वास दुसऱ्या मजल्यावर येतो. माझी बायको सीमा खिडकीशी डोळे मिटून उभी राहते. म्हणते, "ये ना रे दोन मिनिटं. फुकटचं अत्तर आहे." मी येतो आणि खिडकी लावून घेतो. "तुझं त्या झाडाशी काय वाकडं आहे, देव जाणे," ती म्हणते.

देवाला माहीत असणारच. सगळं त्याच्याच नावानं झालं होतं.

चिडायला तशी कारणं भरपूर आहेत. खाली अंगणात एक पपनस, दोन लिंबं आणि एक पेरू आहे. त्यांची देखभाल सोसायटीनं तीन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराला दिली. फळझाडांवर फवारायचं एक तेल मिळतं. खनिज तेल, पाण्यात घातलं की दूध होतं. पानांवर, फांद्यांवर जी खवले कीड चिकटून बसते तिच्यावर या तेलाचा पातळ थर बसला की ती गुदमरून मरते. जहाल विष नव्हे, म्हणून लोक त्याला तेलच समजतात, घरातलं एक तेल. त्याचा पाच लिटरचा कॅन वॉचमनच्या केबिनमध्ये पत्र्याखाली ठेवलेला असतो. मे महिन्यात त्या केबिनमध्ये पापड भाजून निघतील. गेल्या वर्षी कॅन फुगला. आतलं तेल फाटलं, वर निवळ आणि खाली पेजेसारखा गाळ. असं तेल टाकून द्यायचं असतं. कंत्राटदाराच्या माणसानं कॅन दोनदा हलवला आणि भर दुपारी साडेबाराला, सुकलेल्या झाडावर मारून मोकळा झाला. चौथ्या दिवशी पानांचा सडा पडला. "गर्मी का असर है साहब," तो म्हणाला. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र फवारणीच्या दिवशीच त्याच्या पंपासकटच्या फोटोखाली अकरा अंगठे आले होते.

त्याआधी कुणीतरी गेटच्या बिजागऱ्यांना घालायला म्हणून त्यातलंच अर्धा लिटर तेल शेंगदाणा तेलाच्या जुन्या डब्यात ओतलं. डब्यावर शेंगांचं ठसठशीत चित्र. आणि तो डबा जिन्याच्या कट्ट्यावर. म्हणजे एखाद्या घरात भजी तळली जायची वाट बघायची. मी मार्करनं त्यावर ‘खाण्याचे नाही’ असं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या डब्यात मनीप्लांट लावलेला होता. तेलाचं काय केलं, हे कुणी सांगेना.

माझं आयुष्य या कामात गेलंय, म्हणून जास्त त्रास होतो. कांजूरमार्गला रंगांचा कच्चा माल ठेवणाऱ्या एका कंपनीचं गोडाऊन आहे, त्याचा मी सत्तावीस वर्षं इनचार्ज. कुठल्या पिंपाशेजारी कुठलं पिंप चालतं, कुठलं चालत नाही, कशाला ऊन सोसत नाही, कशावरचं लेबल सुटत आलंय, हे बघण्याचा मला पगार मिळतो. सीमा पाहुण्यांना सांगते, "आमच्याकडे हळदीच्या बरणीवरसुद्धा तारीख असते." तर अशा माणसानं जनरल बॉडीत उठून चार शब्द सुनावायला हवेत. मी उठत नाही. तोंड उघडलं की कुणीतरी सहज विचारेल, "मग आधी परब काका करायचे तेच बरं होतं का?" आणि त्याचं उत्तर मला देता यायचं नाही.

परब काका तळमजल्यावर राहतात. मालवणकडचे. तरुणपणी परळला गिरणीत ऑइलर होते, म्हणजे चालू यंत्रांना तेल घालत फिरणारा माणूस. गिरणी गेली, मग भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये तेच काम. "माझां आयुष्य तेलात गेलां रे," असं ते म्हणायचे, आणि हात पुढे करायचे. पांढरे, स्वच्छ, सुरकुतलेले हात, नखांच्या कडांना मात्र एक काळी रेघ कायमची. पपनसाचं रोप त्यांनीच गावाहून पिशवीतून आणलं होतं.

त्यांचं तेल मारणं बघण्यासारखं असायचं. कॅन मूळचाच, त्यावरचं लेबल शाबूत, लाकडी पेटीत कुलपात. पेटी जिन्याखालच्या थंड कोपऱ्यात. मीटररूममध्ये जागा होती, पण तिथं ठिणगी उडू शकते म्हणून नाही. आदल्या संध्याकाळी झाडाला पोटभर पाणी. नोटीसबोर्डावर खडूनं: ‘उद्या सकाळी तेल. दोऱ्यांवरचे कपडे आत घ्या.’ सकाळी सहाला ते खाली यायचे, फुल शर्ट, गॉगल, तोंडाला पंचा, हातात रबरी मोजे. चिमण्यांच्या पाण्याचं भांडं उचलून ठेवायचं, तुळशीवर जुनी चादर टाकायची. मग मापाचा ग्लास डोळ्यासमोर धरून तेल मोजायचं. लिटरला दहा मिली, त्याच्या वर थेंब नाही. पाणी थोडं, तेल, मग हलवणं, मग उरलेलं पाणी. आणि फवारताना मध्ये मध्ये थांबून पंप हलवत राहायचं, कारण हलवलं नाही तर तेल वर येतं आणि शेवटच्या फांदीला नुसतं तेलच मिळतं. पानांच्या खालून फवारणी, कारण कीड खाली बसते. ऊन चढायच्या आत सगळं आटोपलेलं. मी ऑफिसला निघताना झाड ओलं, चकचकीत दिसायचं, आणि काका साबणानं कोपरापर्यंत हात धूत असायचे.

"काका, एवढं काय त्यात? तेल तर आहे," मी एकदा म्हटलं होतं.

"तेलच आसा म्हणून तर," ते म्हणाले. "विषाक माणूस घाबरता. तेलाक कोण घाबरता? आणि एक ध्यानात ठेव नंदू. गंधक आणि हे तेल, दोघांचां जमणा नाय. गंधक मारलां की महिनाभर तेलाचां नाव काढूचां नाय. पान करपता."

म्हणजे हे मला त्यांनीच सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मला अज्ञानाचा फायदा घेता येऊ नये.

आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं कोकणातली. गणपतीत मूर्तीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, माटवी. तिला नारळ, सुपारी, रानातली फळंफुलं बांधायची, आणि मधोमध एक पपनस. हिरवं, डोक्याएवढं. गावी ते परसातून येतं. मुलुंडला बाजारातून आणावं लागतं, पण आमच्याकडे झाड आहे याचा केवढा तोरा! हरतालिकेच्या आदल्या दिवशी काका फळं उतरवायचे, आणि ज्यांच्याकडे गणपती बसतो त्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. पहिल्या चिठ्ठीला पहिलं फळ, जे हाताला येईल ते. निवडायचं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला जे फळ आलं त्याची अर्धी साल तपकिरी, खरबरीत होती. कोळी नावाची बारीक कीड साल खरवडते, त्यानं असं होतं. आत गर चांगलाच असतो. पण माटवीला गर दिसत नाही, साल दिसते. माझा मेहुणा आरतीला आला होता. वर बघून म्हणाला, "भावोजी, बाप्पाच्या डोक्यावर बटाटा का टांगलाय?" सगळे हसले. मीही हसलो. आणि दहा दिवस, खरं सांगतो, मी मूर्तीकडे कमी आणि त्या सालीकडे जास्त बघितलं.

तेवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून.

पपनसाची एक जाड फांदी आमच्या बाल्कनीला टेकते. पुढच्या फेब्रुवारीत तिच्यावर कळ्या धरल्या, साबुदाण्याएवढ्या. मी मनात ठरवलं की या फांदीवरचं एक फळ तरी निर्मळ निघालं पाहिजे. चिठ्ठी कुणाला येईल ते येवो, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं, हात पोचेल ते फळ आधीच काढून ठेवायचा माझा बेत होता. कोळ्यावर गंधक चालतं, हे मला माहीत. नर्सरीतून पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची पुडी आणली. रविवारी सकाळी दहाला सीमा भाजीला गेली असताना काचा पुसायच्या स्प्रेच्या बाटलीत ते कालवलं आणि बाल्कनीतून हात लांबेल तिथवर मारलं. काडेपेटीसारखा वास आला. मी बाटली धुतली, पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली. त्यात चोरी अशी काय होती? काकांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "एकाच फांदीक कित्याक? सगळ्या झाडाक मारू." हेच मला नको होतं.

चार दिवसांनी ते खालून फांदीकडे बघत उभे होते. मी ऑफिसातून परत येत होतो.

"नंदू, तुझ्या बाजूची पानां पांढरट का दिसतत रे?"

"धूळ असेल काका," मी म्हणालो. "समोरची. बघा ना, घरात पण तेच."

त्यांनी समोरच्या बांधकामाकडे बघितलं आणि मान हलवली. विश्वास ठेवला म्हणून नव्हे. संशय घ्यायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी बोर्डावर खडूनं लिहिलेलं दिसलं: ‘उद्या सकाळी तेल.’ फुलं उमलायच्या आत त्यांना एक हात मारायचा होता. मी पिशवी हातात धरून त्या बोर्डासमोर उभा राहिलो. किती वेळ, ते माहीत नाही. तळमजल्यावरच दार, चार पावलांवर. आतून कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता. मी मनात हिशेब केला: थोडंसं तर मारलंय, एक फांदी तर आहे, आठ दिवस झालेत, दव पडून धुऊन गेलं असेल. मग मी जिना चढून घरी आलो.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस झाल्या. पाचव्या दिवशी पानं तेलकट, काचेसारखी, मग काळी. कळ्या टपटप गळाल्या, अंगणात चालताना चपलेखाली चुरचुरायच्या. माझ्या बाजूचं एक तृतीयांश झाड उघडं पडलं, पण लोकांच्या तोंडी ‘झाड जाळलं’ असंच झालं. काका रोज सकाळी खाली यायचे. मापाचा ग्लास उजेडात धरून बघायचे. त्यावरची रेघ नखानं तपासायचे. कॅनचं लेबल वाचायचे, चष्मा काढून, चष्मा लावून.

मग मीटिंग झाली. खालच्या पार्किंगच्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कुणी म्हणालं रॉकेल पडलं असणार, कुणी म्हणालं डोळ्यांचा प्रॉब्लेम. काका म्हणाले, "मी दहाच मिली घातलंय. मला आठवतंय." पण हे ते अशा आवाजात म्हणाले की त्यांना ते आता नीटसं आठवत नव्हतं. तेव्हाचे चेअरमन माझ्याकडे वळले. "नंदू, तू केमिकलमधला माणूस. तूच सांग बाबा, काय झालं असेल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकाही. त्यांच्या नजरेत आशा होती, ते मला अजून दिसतं. मी त्यांच्या बाजूनं बोलेन असं त्यांना वाटलं.

मी म्हणालो, "मोजण्यात काहीतरी चुकलं असेल. वयानुसार होतं असं."

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. ‘वयानुसार होतं’ हे मी आपणहून जोडलं, आणि गोड आवाजात. काकांनी खिशातून पेटीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती.

त्यानंतरचं मी बघत होतो आणि बघत नव्हतो. दाराला कुलूप लावून ते गेटपर्यंत जायचे आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचे, दोनदा, तीनदा. किराणावाल्याकडे चिठ्ठी घेऊन जायला लागले, साबण आणि काडेपेटी एवढ्या दोन वस्तूंची चिठ्ठी. त्यांच्या दाराबाहेर रोज सकाळी बायकांच्या अनोळखी चपला दिसायला लागल्या. काकूंना डायबेटिस होता, इंजेक्शन द्यायला नर्स येते, असं सीमानं सांगितलं. मी "बरं" म्हणालो. काकू गेल्या त्याला आता सव्वा वर्ष झालं. तेव्हा मी खांदा दिला. सगळे म्हणाले, शेजारी असावा तर असा.

आणि दर वर्षी फुलं येतात. दर वर्षी कंत्राटदाराची माणसं चुकीच्या वेळी, चुकीच्या मापानं, उन्हात फाटलेलं तेल मारतात, नाका-तोंडाला काही न बांधता, वाऱ्याच्या तोंडाशी उभी राहून. आणि मी बाल्कनीत दात खात उभा असतो. अरे, हलवा तो पंप! अरे, खाली पाण्याचं भांडं आहे! मनातल्या मनात. माझी ही सगळी चिडचिड खरी कुणावर आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून ती आणखी वाढायची.

यंदा फुलं आली त्याच आठवड्यात सुनीता आली. काकांची मुलगी, बोरिवलीला असते. हातात एक मोठी रिकामी बॅग. ती आमच्याकडे वर आली, सीमानं चहा टाकला.

"बाबांना घेऊन चाललेय दादा," ती म्हणाली. "जागा भाड्यानं देऊ. एकटं ठेवणं आता बरोबर नाही."

"का, काय झालं? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात, मेंदूला काही नाही. पण तेच म्हणतात ना, माझ्यावर विसंबू नका. परवा भात लावताना मला फोन केला, वाटीभर तांदळाला पाणी किती. सत्तर वर्षं भात खातायत!" तिनं डोळे पुसले आणि हसली. "आम्हालाच तेव्हा कळायला हवं होतं. ते झाड जाळलं ना त्यांनी, ती सुरुवात होती."

"त्यांची इच्छा आहे का यायची?" सीमानं विचारलं.

"छे गं. पण नाही म्हणायची हिंमत नाही त्यांच्यात. म्हणतात, ‘तुका वाटता तर चल. माझां काय खरां नाय.’"

सीमानं माझ्याकडे बघितलं. मी चहाचा कप तसाच ठेवला होता. सुनीता गेल्यावर म्हणाली, "काय आहे ते बोल. तीन वर्षं मी खिडकी लावलेली बघतेय." मी तिला सांगितलं. तिनं चहाचे कप धुऊन पालथे घातले आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? खाली जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. काका खाटेवर बसले होते, बॅग उघडी, आत घडी केलेले चार शर्ट. सुनीता स्वयंपाकघरात होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून परत आलो असतो.

"काका, ते झाड तुमच्यामुळे जळलं नाही. मी आधी गंधक मारलं होतं."

त्यांनी शर्टाची घडी हातात तशीच धरली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "कधी?"

"तुम्ही तेल मारलंत त्याच्या आठ दिवस आधी. रविवारी."

"किती?"

"लिटरला तीन ग्रॅम."

"किती वाजता?"

"दहा."

"उन्हात," ते म्हणाले. "आणि ती धूळ?"

"धूळ नव्हती काका."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सुनीता दारात येऊन उभी राहिली. काका स्वतःच्या हातांकडे बघत होते, आधी तळवे, मग पालथे. मग हळू, एकेक शब्द मोजून बोलले.

"तिचां इंजेक्शन मीच दियां. नऊ वरसां. एक दिवस चुकलो नाय. तुमची ती मीटिंग झाली आणि दुसऱ्या दिवशी सुई हातात घेतली तर रेघ दिसा, पण माका विश्वासच बसना. झाडाक जास्त घातलंय, हिका जास्त घातलां तर? म्हणान नर्स लावली. ती माका म्हणायची, ‘तुमीच द्या, ह्या बायचो हात कडक आसा. दुखता.’ पावणेदोन वरसां म्हणत होती. मी दिलां नाय."

मला पायांखालची लादी दिसत होती. हिरवी, जुनी, एका कोपऱ्यात फुटलेली. मी म्हणालो, "काका, माझं चुकलं." इतकं हलकं वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.

"ह्यां माका नको सांगू," ते म्हणाले. "जंय बोललंस, थंय सांग."

रविवारी मीटिंग होती. विषय दोन: पार्किंगचे पट्टे आणि पाण्याची टाकी. आता सेक्रेटरी वाघमारे मॅडम आहेत, बँकेतल्या नोकरीतून रिटायर झालेल्या, वेळेच्या पक्क्या. मी सुरुवातीलाच उठलो आणि सांगितलं. सगळं: माटवीचं फळ, पुडी, धूळ, बोर्ड, आणि ‘वयानुसार होतं’ हेसुद्धा. तीन वर्षं मी कल्पना करत होतो की लोक काय म्हणतील, कसे बघतील.

काही नाही. लोकांनी मोबाइलमधून मान वर केली आणि परत खाली घातली. मागून कुणी म्हणालं, "जाऊ दे रे नंदू, झाड तर मस्त फुललंय परत." दुसरा म्हणाला, "एवढं सीरियस काय यार त्यात? एक झाड ते." कुणीतरी म्हणालं, "बटाटा! भारी होतं ते," आणि दोघं हसले. "चला मॅडम, पार्किंग घ्या." ज्यांच्यासमोर मी एका माणसाला म्हातारा ठरवलं, त्यांना ती गोष्ट आठवायचेसुद्धा कष्ट पडत होते. इतका संताप आला की काय सांगू. आणि तो संताप ठेवायला जागा नाही.

मागच्या रांगेतून काका उठले. सुनीता शेजारी होती.

"पार्किंग नंतर," ते म्हणाले. "आधी हे लिहा."

वाघमारे मॅडमनी पेन उचललं. "विषयपत्रिकेवर नव्हतं काका. पण लिहिते. शब्द सांगा."

"लिहा. पपनसाचं झाड परबांच्या हातून जळलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या नंदकुमारनी आठ दिवस आधी, कुणाला न सांगता, गंधक मारलं होतं. विचारल्यावर धूळ म्हणून सांगितलं. परबांचं माप बरोबर होतं." ते थांबले. "वाचून दाखवा."

मॅडमनी वाचलं. मोबाइल आता सगळ्यांचेच खाली होते.

"शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढा," काका म्हणाले. मॅडमनी पट्टी घेऊन रेघ ओढली. मग विचारलं, "आणि झाडांचं काय करायचं? कंत्राट या महिन्यात संपतंय." काका म्हणाले, "माझी किल्ली कुठे आहे?"

सुनीता त्या संध्याकाळी एकटीच बोरिवलीला गेली. बॅग रिकामीच होती, तरी ती दोन्ही हातांनी उचलून चालली होती. गेटपाशी मी दिसलो तेव्हा थांबली. "दादा, मी तुम्हाला काय बोलू तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "बरं केलंत म्हणू, की..." आणि वाक्य तसंच सोडून रिक्षात बसली.

केबिनमधला फुगलेला कॅन काकांनी बाहेर काढला. तो गटारात ओतायला निघालेल्या वॉचमनवर ते इतके खेकसले की पेरूवरचे पोपट उडाले. तेल गटारात जात नाही, घट्ट झाकण लावून, वर नाव लिहून, घातक कचरा नेणाऱ्यांकडे जातं. नवीन कॅन आला, लाकडी पेटीत, जिन्याखालच्या कोपऱ्यात. हे सगळं मी वरून बघतो. माझ्याशी ते बोलत नाहीत. जिन्यात समोर आलो तर बाजूला होतात, वाट देतात, परक्याला देतात तशी. एकदा मी पंप उचलायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू दे. तुम्हाला ऑफिस असेल."

आता मार्च संपत आलाय. पाकळ्या गळून गेल्या आणि देठांवर वाटाण्याएवढी हिरवी फळं दिसायला लागली. गेल्या सोमवारी सकाळी सहाला खालून हाक आली. बाल्कनीत गेलो. काका झाडाखाली उभे होते, गॉगल, पंचा, मोजे, पाठीवर पंप. एका हातात मापाचा ग्लास. आजूबाजूच्या चार खिडक्या उघडल्या होत्या, दूधवाला सायकल धरून थांबला होता.

"दुसरा मजला!" काका ओरडले. "गेल्या महिनाभरात झाडावर काही मारलंय?"

"नाही काका," मी म्हणालो.

"ऐकू आलं नाही."

सीमा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. समोरच्या खिडकीतल्या बाईनं दात घासणं थांबवलं.

"नाही मारलं!" मी ओरडलो.

त्यांनी ग्लास डोळ्यांसमोर धरला, रेघेपर्यंत तेल ओतलं, आणि एकदाही परत न बघता पंपात रिकामा केला.